भूपृष्ठालगतचा ओझोन व वनवृक्षांची वाढ
(सामान्य विज्ञान : इयत्ता सहावी व सातवी यांसाठी पूरक पाठ)

वणी तालुक्यातील राजूर हे गाव कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांमुळे परिचित आहे. तेथील शाळेत हवेच्या प्रदूषणाचा पाठ शिकविताना शिक्षकास उदाहरणाकरिता पुस्तकाची पाने चाळावी लागत नाहीत. रस्त्यालगतच्या कडुनिंबाचे पान पुसले की बोट काळे होते. भट्टीजवळच्या बाभळीवर चुन्याचा पांढुरका थर बसलेला असतो. ‘येथील झाडे का खुंटली?’ असा प्रश्न विचारताच ‘धुळीने’ हे उत्तर वर्गातून एकमुखाने येते. हे उत्तर खोटे नाही. धुळीमुळे पानावर पडणारा प्रकाश अडतो आणि पानाची सूक्ष्म छिद्रे बुजतात. परंतु ते अपुरे आहे. जे डोळ्यांस दिसते तेवढेच प्रदूषण, अशी समजूत या उत्तरामागे असते व ती दूर करणे हा प्रस्तुत पाठाचा हेतू आहे.

पानावरची धूळ मृगाच्या पहिल्या सरीबरोबर धुऊन जाते. ओझोन नावाचा वायू मात्र पानावर बसत नाही, तो पानाच्या आत शिरतो. त्याला रंग दिसत नाही, त्याचा थर साचत नाही, आणि धुराड्यापासून कोसोगणती दूर असलेल्या, वरवर निर्मळ भासणाऱ्या रानातही तो पोहोचतो. झाड त्याने एकाएकी मरत नाही. त्याची वाढ थोडी थोडी कमी होत जाते. म्हणूनच या हानीकडे लक्ष जाण्यास पुष्कळ वर्षे लागली.

एकच वायू, दोन ठिकाणे

आपण श्वासावाटे जो प्राणवायू घेतो त्याच्या प्रत्येक रेणूत दोन अणू असतात. तीन अणू एकत्र आले म्हणजे ओझोन होतो. श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे १८३९-४० च्या सुमारास हा वायू त्याच्या उग्र वासावरून ओळखला आणि ‘वास येणारा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास नाव दिले.

या ठिकाणी विद्यार्थ्यांच्या मनात गोंधळ होण्याचा संभव असतो. ओझोनचा थर सूर्याच्या अतिनील किरणांपासून पृथ्वीचे रक्षण करतो, हे त्यांनी वाचलेले असते. मग तोच वायू घातक कसा? याचे उत्तर स्थानात आहे. रक्षण करणारा ओझोन जमिनीपासून सुमारे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर असतो. तेथे त्याचा कोणत्याही पानाशी वा फुप्फुसाशी संबंध येत नाही. जमिनीलगतचा ओझोन मात्र सजीवांच्या प्रत्यक्ष सान्निध्यात असतो. चुलीतील विस्तव अन्न शिजवितो, तोच छपरावर गेला तर घर जाळतो, हा दाखला द्यावा.

आकाशातील ओझोनचे उंचीनुसार मापन करणारे भारतीय उपकरण १९६० नंतरच्या दशकात पुण्याच्या हवामान खात्यात अन्ना मणी यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाले. वर्गातील मुलींना ही माहिती अवश्य सांगावी.

धुराड्यातून न निघणारे प्रदूषण

जमिनीलगतचा ओझोन कोणत्याही भट्टीतून वा वाहनातून थेट बाहेर पडत नाही. तो हवेत तयार होतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, नायट्रोजन व प्राणवायू यांची संयुगे. कोळसा, डिझेल, पेट्रोल, लाकूड व पालापाचोळा जळताना ती निर्माण होतात. दुसरी, सहज वाफ होणारी कार्बनयुक्त द्रव्ये; ती इंधनातून व धुरातून येतात, आणि काही झाडेही ती स्वभावतः हवेत सोडतात. तिसरी, प्रखर सूर्यप्रकाश.

सूर्यप्रकाशाने नायट्रोजन डाय-ऑक्साइडचा रेणू फुटतो व त्यातून प्राणवायूचा एक अणू सुटा होतो. हा सुटा अणू हवेतील दोन अणूंच्या प्राणवायूस चिकटला की ओझोन तयार होतो. कार्बनयुक्त द्रव्ये हवेत असली म्हणजे हे चक्र पुनःपुन्हा फिरत राहते. त्यामुळे पहाटे ओझोन कमी असतो, ऊन चढते तसा तो वाढतो, दुपारी सर्वाधिक होतो आणि सूर्यास्तानंतर पुन्हा घटू लागतो.

यातील एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयाची आहे. ताज्या धुरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू भरपूर असतो आणि तो ओझोनला खाऊन टाकतो. म्हणून वाहनांच्या गर्दीच्या रस्त्यावर ओझोन कित्येकदा कमी असतो, आणि तोच धूर वाऱ्याबरोबर काही अंतर गेल्यावर, उन्हात शिजून, दूरच्या शेतशिवारात व रानात अधिक ओझोन देतो. जेथे धूर दिसतो तेथेच हानी शोधणाऱ्यास हा गुन्हेगार म्हणूनच सापडत नाही.

पानाच्या आत काय घडते

पानाच्या पृष्ठावर, विशेषतः खालच्या बाजूस, असंख्य पर्णरंध्रे असतात. त्यांतून कार्बन डाय-ऑक्साइड आत जातो आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. झाडाने अन्न तयार करावयाचे म्हटले की ही दारे उघडावी लागतात, आणि दार उघडले की कार्बन डाय-ऑक्साइडबरोबर ओझोनही आत शिरतो.

आत गेल्यावर तो पेशींच्या भित्तिकांवरील ओलाव्यात विरघळतो आणि त्यापासून अतिशय तीव्र क्रिया करणारी द्रव्ये निर्माण होतात. ती पेशींच्या पातळ पटलांस इजा करतात, हरितद्रव्याचा नाश घडवितात आणि अन्न तयार करणाऱ्या प्रथिनांचे काम मंदावतात. झाड स्वस्थ बसत नाही. ते दुरुस्ती करू लागते. परंतु दुरुस्तीसाठी लागणारी साखर त्याला आपल्याच कोठारातून काढावी लागते. एकीकडे मिळकत घटते, दुसरीकडे खर्च वाढतो. कास्तकाराच्या घरचा जमाखर्च मुलांना ठाऊक असतो. झाडाची स्थिती त्यावरून त्यांच्या ध्यानी चटकन येईल.

तूट आली म्हणजे प्रथम काटकसर होते ती मुळांच्या वाट्यात. इजा झालेले पान आपल्या दुरुस्तीसाठी साखर राखून ठेवते व मुळांकडे कमी पाठविते. वरून झाड हिरवे दिसते, पण जमिनीखालचा विस्तार कमी राहतो. मग पावसाने ओढ दिली, किंवा किडीचा हल्ला झाला, की असे झाड आधी हार खाते. लोक म्हणतात, झाड अवर्षणाने गेले. ते खरे असते. परंतु अवर्षण सोसण्याची त्याची शक्ती आधीच कोणी नेली होती, हा पुढचा प्रश्न राहून जातो.

अन्य देशांतील अनुभव

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील लॉस एंजेलिस शहराच्या परिसरात १९४० नंतरच्या दशकात पालेभाज्यांची पाने विचित्र रीतीने करपू लागली. हागेन-स्मिट या मूळ डच शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास दाखवून दिले की, मोटारींचा व तेलशुद्धीचा धूर आणि सूर्यप्रकाश यांच्या संयोगाने ओझोन तयार होतो व हा त्याचाच परिणाम आहे. त्याच काळात शहराच्या पूर्वेस असलेल्या सॅन बर्नार्डिनो पर्वतावरील पाँडेरोसा पाइन वृक्षांच्या सुया पिवळ्या पडून अकाली गळू लागल्या होत्या. या पर्वतावर कारखाने नव्हते. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत प्रयोगाने सिद्ध झाले की, शहराच्या हवेबरोबर वर चढणारा ओझोन हेच त्याचे कारण होय. दुर्बल झालेल्या झाडांवर साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी हल्ला केला आणि पुष्कळ वृक्ष मेले. पुढे वाहनांच्या धुरावर निर्बंध आले, ओझोन घटत गेला आणि सुयांवरील इजाही कमी झालेली आढळली.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात ऱ्हाइनलँडर येथे १९९८ पासून सुमारे एक तप एक मोठा प्रयोग चालला. उघड्या रानात तीस मीटर व्यासाची वर्तुळे आखून त्यांतील अ‍ॅस्पेन, बर्च व मॅपल या झाडांवर नळ्यांतून ठरावीक प्रमाणात ओझोन सोडण्यात आला. ओझोन मिळालेल्या अ‍ॅस्पेनची वाढ आरंभीच्या वर्षांत कमी राहिली. मात्र एकाच जातीतील सर्व झाडे सारखी बाधली नाहीत. काही झाडे टिकाव धरून राहिली आणि दुर्बलांची जागा हळूहळू त्यांनी घेतली. रान उभे राहिले, परंतु त्यातील झाडांचा निवाडा ओझोनने केला.

समशीतोष्ण व उत्तरेकडील थंड प्रदेशांतील वृक्षांवर झालेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. हवेच्या एक अब्ज भागांत सरासरी ४० भाग ओझोन असता, ओझोन गाळून काढलेल्या हवेत वाढलेल्या झाडांपेक्षा वृक्षांचे एकूण वजन सुमारे ७ टक्क्यांनी कमी भरते, असे त्यात आढळले. रुंद पानांची झाडे सूचिपर्णी झाडांपेक्षा अधिक संवेदनशील ठरली. यवतमाळ जिल्ह्यातील वने रुंद पानांची, पण उष्ण प्रदेशातील आहेत. म्हणून वरील आकडा जसाच्या तसा येथे लावू नये.

राजूर परिसराचा विचार

ओझोनला लागणारी सामग्री या भागात आहे काय? खाणींवरील यंत्रे आणि कोळशाची वाहतूक करणारे ट्रक डिझेलवर चालतात. चुनखडी भाजण्यासाठी भट्ट्यांत इंधन जळते. वर्धा नदीपलीकडे चंद्रपूरचे महाऔष्णिक विद्युत केंद्र कोळशावर चालते. त्याची स्थापित क्षमता २,९२० मेगावॅट आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत चंद्रपूरची गणना अतिप्रदूषित क्षेत्रांत झाली होती. याशिवाय कापसाचा हंगाम संपल्यावर धुऱ्यावर पेटविल्या जाणाऱ्या पऱ्हाट्या आणि मोहफुले वेचण्यासाठी झाडाखाली लावली जाणारी आग आहेच. आणि ऊन? विदर्भातील उन्हाविषयी सांगणे नलगे.

तथापि हवेत ओझोन किती आहे यापेक्षा पानात किती शिरला यावर हानी ठरते. येथे निसर्गाने एक चमत्कारिक योजना केलेली दिसते. मध्य भारतात जमिनीलगतचा ओझोन साधारणतः मार्च ते मे या महिन्यांत अधिक असतो, आणि पावसाळ्यात ढगांमुळे व पावसामुळे तो पुष्कळ उतरतो. साग मार्चपर्यंत बहुधा निष्पर्ण झालेला असतो व पावसाच्या तोंडावर नवी पालवी धारण करतो. म्हणजे ओझोनच्या भर काळात त्याची दारेच नसतात. पावसाळ्यात दारे सताड उघडी असतात तेव्हा ओझोन कमी असतो. धोक्याचा काळ राहतो तो पावसाळा सरल्यानंतरचा : आश्विन-कार्तिकात आकाश निरभ्र होते, जमिनीत ओल असल्याने पर्णरंध्रे उघडी असतात आणि पानही जुने झालेले असते.

मोह, कडुनिंब व पिंपळ यांची गोष्ट निराळी. त्यांची कोवळी पालवी चैत्राच्या आसपास, म्हणजे नेमकी ओझोनच्या दिवसांत येते. पाणी वाचविण्याकरिता ही झाडे भर दुपारी पर्णरंध्रे बरीचशी मिटून घेतात व त्यामुळे काही रक्षण होते. परंतु दार मिटले की अन्न तयार करणेही थांबते. मात्र ज्या रोपास रोज पाणी मिळते त्याची पर्णरंध्रे उन्हाळ्यातही उघडी राहतात. शाळेच्या आवारात मुले ज्या रोपांस तांब्याने पाणी घालतात, ती रोपे या दृष्टीने अधिक उघड्यावर असतात. याचा अर्थ पाणी तोडावे असा मुळीच नाही. पाण्यावाचून रोप निश्चित मरते. अर्थ इतकाच की, आधी हवा स्वच्छ राखावयास हवी.

डाग ओळखताना घ्यावयाची दक्षता

हा पाठ ऐकल्यावर विद्यार्थ्यांस पानापानावर ओझोन दिसू लागण्याचा धोका आहे. शिक्षकांनी त्यास वेळीच आवर घालावा. पुढील गोष्टी क्रमाने तपासावयास शिकवाव्यात.

१. ओल्या फडक्याने पान पुसावे. डाग निघून गेला तर ती धूळ होय.

२. पान उलटून पाहावे. सागाच्या पानाखाली नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा समजावा.

३. पानाच्या शिरा तेवढ्या उरून बाकी जाळी झाली असेल तर ते अळीचे काम आहे. सागावर पावसाळ्यात व त्यानंतर ही अळी पडते.

४. केवळ कडा करपल्या असतील तर पाण्याचा ताण किंवा जमिनीतील क्षार यांचा विचार करावा.

५. ओझोनची खूण साधारणपणे पानाच्या वरच्या बाजूस, शिरांच्या मधल्या भागात, बारीक जांभळट, तपकिरी वा फिकट ठिपक्यांच्या रूपाने दिसते. शिरा हिरव्या राहतात. कोवळ्या पानांपेक्षा जुन्या पानांवर, आणि सावलीतील पानांपेक्षा उन्हातील पानांवर ती अधिक असते.

पाचवी खूण जुळली तरी ‘ओझोन असावा’ एवढेच म्हणावे. ‘ओझोनच आहे’ असे म्हणू नये. निश्चिती उपकरणाने व प्रयोगाने होते. शंका राखून बोलण्याची ही सवय हा या पाठाचा सर्वांत मोठा लाभ समजावा. राजूरसारख्या गावी तिचे महत्त्व विशेष आहे. वर्गातील कित्येक मुलांच्या घरची चूल खाणीच्या वा भट्टीच्या मजुरीवर पेटते आणि कित्येकांची मोहफुलांवर व तेंदूपानांवर. अर्धवट माहितीने मुलाच्या मनात स्वतःच्या वडिलांच्या कष्टांविषयी अढी निर्माण होईल, असे बोलणे वर्गात होता कामा नये. त्याचबरोबर, रान खुंटले तर नुकसान याच घरांचे होते, हे सत्यही झाकून ठेवता कामा नये.

वर्गात करावयाचे काम

घेराची नोंदवही : शाळेजवळील पाच व गावापासून दूर असलेली पाच, अशी एकाच जातीची दहा झाडे निवडावीत. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर चुन्याची खूण करून दरवर्षी एकाच तारखेस खोडाचा घेर फितीने मोजावा. वनखातेही याच उंचीवर मोजणी करते. जमीन, पाणी व झाडाचे वय यांतील फरकही वहीत लिहावेत. फरक दिसला की त्याचे एकच कारण मानू नये. एका वर्षात यातून काही सिद्ध होणार नाही. सहावीच्या मुलांनी उघडलेली वही पुढच्या तुकडीने चालवावी, यातच तिचे सार आहे.

वार्षिक वलये : लाकडाच्या डेपोत सागाचा ओंडका दाखवावा. सागाची वलये स्पष्ट असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी त्यांवरून गतकाळातील पर्जन्याचा अभ्यास केला आहे. रुंद वलय म्हणजे वाढीचे साल, अरुंद वलय म्हणजे अडचणीचे साल. अडचण कोणती, हे मात्र वलय एकटे सांगत नाही.

गणित : युरोपात वनवृक्षांसाठी ओझोनची मात्रा मोजण्याची एक रीत आहे. दिवसाच्या प्रत्येक तासाचे प्रमाण अब्ज भागांत ४० च्या वर जितके असेल, तितकी वाढ घेऊन वाढीच्या हंगामभर बेरीज करतात. ही बेरीज ५,००० च्या पुढे गेली तर वाढीस धोका मानतात. समजा, एका दिवशी सहा तासांचे प्रमाण ३६, ४४, ५२, ५७, ४९ व ३८ असे होते (हे आकडे केवळ गणिताकरिता घेतले आहेत). ४० वरील वाढ ४, १२, १७ व ९, म्हणजे एकूण ४२. रोज असेच घडले तर ११९ दिवसांत बेरीज ४,९९८ होईल आणि १२० व्या दिवशी मर्यादा ओलांडली जाईल. कोणत्याही एका दिवसाने झाड बाधले नाही, तरी दिवसांच्या बेरजेने बाधले, हा मुद्दा या गणितातून मनावर ठसवावा.

भारतात माणसांच्या आरोग्याच्या दृष्टीने २००९ साली ठरविलेली मर्यादा, दर घनमीटर हवेत आठ तासांच्या सरासरीने १०० व एका तासास १८० मायक्रोग्रॅम अशी आहे. अब्जात ४० भाग म्हणजे सुमारे ८० मायक्रोग्रॅम. यावरून, माणसासाठी ठरविलेल्या मर्यादेच्या आत असलेली हवाही झाडास पूर्णपणे निर्धोक असेलच असे नाही, हे विद्यार्थी स्वतः हिशेब करून सांगू शकतील.

गावाच्या हाती काय आहे

वीजकेंद्राचा धूर कमी करणे शाळेच्या हाती नाही. परंतु शाळेच्या आवारातील पालापाचोळा न जाळता खड्ड्यात कुजविणे तिच्या हाती आहे. पऱ्हाट्या पेटविण्याऐवजी त्यांचा भुगा करून खत करता येते, आणि मोहाखाली आग लावण्याऐवजी जागा झाडून घेता येते किंवा जाळे, जुने कापड अंथरून फुले झेलता येतात. या गोष्टी पालकसभेत आदेश म्हणून न सांगता, विद्यार्थ्यांनी केलेल्या कामाच्या रूपाने मांडाव्यात. मुलाने स्वतः मोजलेला घेर आणि स्वतः भरलेला खतखड्डा यांचे वजन भाषणापेक्षा अधिक असते.

उजळणीचे प्रश्न

१. आकाशातील ओझोन हितकर आणि जमिनीलगतचा अहितकर का?

२. धूर निघतो त्या जागेपेक्षा दूरच्या रानात ओझोन अधिक का असू शकतो?

३. साग व मोह यांपैकी कोणाची पालवी ओझोनच्या दिवसांत येते? आपल्या गावातील आणखी दोन झाडांच्या पालवीचा काळ वहीत नोंदवा.

४. ओझोनने प्रथम मुळांची वाढ का कमी होते?

५. एका पानावर तपकिरी ठिपके आढळले. ते ओझोनचे आहेत असे म्हणण्यापूर्वी कोणकोणत्या गोष्टी तपासाल?